गुरुवारच्या सूर्याचं चित्र

३ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या दाजींना दवाखान्यातून घरी आणलं. डावा हात कोपरापासून गेला. बाकी माणूस शाबूत आहे, जीभ तर जास्तच. बोटीवर जाळं ओढायच्या यंत्रात हात सापडला आणि नेमका तेव्हाच सूर्यावर भडका उडून वायरलेस तासभर मुका झाला. ना डॉक्टरला विचारता आलं, ना दुसऱ्या बोटीला हाक मारता आली.

तू सूर्याचा पहारेकरी, म्हणून तोंड लपवतोस काय? फोनही उचलत नाहीस. सूर्याला तू थोडाच आवरणार होतास! ये बघू.

तुझी वाट बघणारी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सूर्याला आवरणं माझं काम नव्हतं, पण त्याच्याकडे बघणं होतं.

रोज सकाळी आम्ही वेधशाळेत दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडतो आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवतो. फोटो असतातच, पण हातानं काढलं की नजरेतून काही सुटत नाही, असा साहेबांचा हट्ट. दाजींचा अपघात झाला त्या गुरुवारी मी दुर्बिणीपाशी गेलोच नाही. बुधवारचं चित्र समोर ठेवलं, सूर्य दिवसात जेवढा फिरतो तेवढे डाग सरकवले आणि खाली सही ठोकली.

रात्रीतून उलट्या ध्रुवांचे दोन डाग एकमेकांत घुसले होते. अशा जागी चुंबकत्व पिळत जातं आणि शेवटी फुटतं, तोच भडका. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मी लिहिलं, सूर्य शांत. बोटी सुटण्याआधी धक्क्यावर आमचा इशारा लागला असता तर नियमाप्रमाणे त्या जोडीनं सुटल्या असत्या. दुसऱ्या बोटीतून दाजींना तासाभरात किनाऱ्यावर आणता आलं असतं.

उठायला उशीर झाला, एवढंच कारण. चौकशीत सगळे म्हणाले, सूर्यापुढे कुणाचं चालतंय. मी मान डोलावली. नोकरी जाईल ही भीती आहेच, पण दाजींना कळेल याची जास्त.

लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही.

बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोन दिवस उशीखाली दडवलं. तुझा राग आला, फार आला. भांडी आपटून झाली.

मग आठवलं. उशिरा उठलास म्हणे! खोटारड्या, त्या सकाळी तू माझ्याशी फोनवर होतास. दाजी सकाळी धक्क्यावर गेले की मला घर खायला उठतं, म्हणून मीच तुला तासभर धरून ठेवलं. काम आहे असं तू दोनदा म्हणालास. मी म्हटलं, सूर्य कुठे पळून जातोय. आता मला पाठीशी घालतोस होय? फोन माझा होता, सही तुझी होती.

काल पत्र दाजींना वाचून दाखवलं, माझ्या फोनचंही सांगितलं. ते म्हणाले, "हात माझा गेलाय. माफ करायचं की नाही ते मी ठरवीन, आणि अजून ठरलेलं नाही. आधी त्याला साहेबांना खरं सांगू दे. मग इथे माझ्यासमोर येऊन बसू दे."

आज सकाळपासून शर्टाची बटणंसुद्धा मला लावू देत नाहीत, एका हातानं झगडत बसतात.

साहेबांना सांग आणि लगेच नीघ. त्यांच्यासमोर मला एकटीला बसवत नाही रे.

तुझी,
ताई