टेडी लॉसनचं नवं गाणं

ओराँ, अल्जीरिया
मार्च १९६१

प्रिय ओदीलताई,

मी बरा आहे. जेवण पोटभर मिळतं आणि आमची छावणी लढाईपासून लांब आहे, असं आईला सांग. तिचा खोकला थांबला का?

टेडी लॉसनचं नवं गाणं रेडिओवर लागलं आणि बाबा गिरणीत सगळ्यांना सांगत सुटले, असं तू लिहिलंस. ताई, तो आवाज माझा नाही. सैन्यात आल्यापासून मी गिटारला हातसुद्धा लावलेला नाही.

हे अमेरिकन नाव मला रेकॉर्ड कंपनीने दिलं, तेव्हाच करारात स्वतःच्या मालकीचं करून ठेवलं होतं. मला सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं, तशी माझे केस कापतानाचे फोटो त्यांनी मासिकात छापून आणले आणि नाव दुसऱ्या पोराला देऊन टाकलं. माझं चामड्याचं जाकीटही त्याला अगदी बरोबर बसलं म्हणे.

शेजाऱ्यांना हवं ते सांग, पण बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. "कार्टं शेवटी गायला शिकलं," असं ते म्हणाले ना? माझ्या गाण्याबद्दल त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच चांगला शब्द निघालाय.

आईला जप.

तुझा,
लुसियाँ