तीन ठोक्यांनंतरचा एक

मी खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा झाडे छाटण्याचा, पाडण्याचा व उचलून नेण्याचा, सगळे मला 'उस्ताद' म्हणतात. आज कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता, आणि बायकोने दोनदा जेवायला हाक मारूनही खुर्चीतून न उठता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी माझ्या छातीवर आणि पाठीवर बोटांनी ठोकून पाहिले आणि म्हणाले, "उस्ताद, काही झालेलं नाही तुम्हाला." मी विचारले, "आणखी काही ऐकू आलं का?" ते म्हणाले, "काय ऐकू यायला हवं होतं?" त्याचे उत्तर कलम पाचमध्ये आहे.

कलम १. राहते घर आणि मागची अवजारांची शेड माझ्या बायकोला. घर आपलेच आहे असे ती लग्नापासून सांगत आली आहे, आता ते कागदावरही खरे होईल. शेडच्या छपराचा पश्चिमेकडचा पत्रा सैल आहे. तो बसवून घ्यावा, कारण मी गेली चार वर्षे 'उद्या बघतो' म्हणत आहे.

कलम २. बँकेतली ठेव बायको आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

कलम ३. माझी बारा पायऱ्यांची शिडी समोरच्या शिंप्याकडे अकरा वर्षे 'दोन दिवसांसाठी' गेलेली आहे. ती मी त्यालाच देत आहे. शिंप्याने एवढेच करावे की शिडी माझी होती हे माझ्या बायकोसमोर एकदा तोंडाने म्हणावे. तिच्या मते ती मीच कुठेतरी हरवली.

कलम ४. ट्रक, दोन्ही चेनसॉ, दोर, चढायचे पट्टे आणि धंद्याचे नाव माझ्या मुलीला. ती माझ्यापेक्षा चांगली चढते आणि दोराची गाठ माझ्यापेक्षा लवकर सोडवते. धाकट्या भावाला फांद्यांचा भुसा करणारे यंत्र. धंदा आपल्याला मिळेल असे त्याला वाटत होते हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणही लिहून ठेवतो.

नऊ वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात, वारा पुरता पडला नव्हता तोच, भाऊ दुप्पट दराची पत्रके छापून घेऊन आला. मी म्हणालो, "अरे, लोकांची छपरं उडालीत." तो म्हणाला, "दादा, लोक घाबरलेत तोवरच आपलं ऐकतील. परवापासून घासाघीस करतील." मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी ट्रकमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

म्हणून मुलीने एवढे पाळावे. वादळानंतर पहिला दिवस रस्ते आणि दवाखान्याचे फाटक मोकळे करण्यात घालवावा, त्याचे कोणाकडून काही घेऊ नये. ज्याच्या घराला छप्पर नाही त्याच्याकडून कोणत्याही कागदावर सही घेऊ नये, आधी ताडपत्री बांधून द्यावी आणि दोन दिवसांनी यावे. झाड ज्याचे, लाकूडही त्याचे, हे त्याला आपण होऊन सांगावे.

कलम ५. मोगरी. मोगरी म्हणजे जड लाकडाचा हातोडा, माझ्या आजोबांपासून चालत आलेला. आमच्यात झाड पाडण्याआधी खोडावर छातीच्या उंचीला मोगरीने तीन ठोके मारतात आणि कान लावतात. भरीव झाड घट्ट वाजते, पोकळ झाड रिकाम्या डब्यासारखे. गिऱ्हाइकाला हा आवाज कळत नाही. ते आमच्या तोंडाकडे बघत राहते आणि आम्ही जे सांगू ते खरे मानते.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी आमची भाड्याची क्रेन एका गल्लीत रिकामी उभी होती. त्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून खिडकीजवळच्या खाटेवर होते, अर्धे अंग गेलेले, वाचा गेलेली. अंगणात एक झाड होते, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढे. त्या बुंध्यावर माझा बारा वर्षे डोळा होता. असे लाकूड आयुष्यात एकदाच हाताला लागते. बाईंनी मला बोलावले नव्हते. मीच फाटक उघडून आत गेलो आणि तीन ठोके मारले.

झाड इतके भरीव होते की माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या. मी मान हलवली आणि म्हणालो, "बाई, आतून पोकळ झालंय. पुढच्या वाऱ्याला थेट साहेबांच्या खाटेवर येईल."

तेवढ्यात खिडकीतून एक ठोका ऐकू आला. एकच. मला वाटले, खिडकीचे दार आपटले. बाईंनी खिडकीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "उस्ताद, तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच. पाडा."

दुपारपर्यंत झाड आडवे झाले. बुंध्याचा काप बघून भाऊ हळूच म्हणाला, "दादा, हे तर शेवटपर्यंत भरीव आहे." मी म्हणालो, "ताडपत्री टाक." झाड पडल्यापासून विसाव्या दिवशी बाईंचे यजमान वारले.

त्यानंतरच्या पहिल्याच कामाला मी एका वाळलेल्या झाडावर तीन ठोके मारले आणि कान लावला. मोगरी माझ्या हातात खाली लटकत होती. खोडाच्या आतून, माझ्या कानाच्या अगदी समोर, एक ठोका आला. मला वाटले, आत एखादा पक्षी असेल. झाड चिरून पाहिले, आत काही नव्हते. पुढच्या झाडातूनही आला. कानाच्या डॉक्टरने मळ काढून दिला, तरी आला. मग दाराच्या चौकटीवर बोटांनी तीनदा वाजवून पाहिले, तिथूनही आला. पलंगातून, देवळाच्या बाकातून, पेन्सिलीतूनसुद्धा. घाईने कधी येत नाही. एक श्वास जाऊ देतो आणि मग येतो. नऊ वर्षे मी लाकडावर हात आपटत नाही आणि कोणाच्या घरी गेलो तर दार वाजवत नाही, बाहेरून हाक मारतो. घरच्यांना हे माझे वय वाटते.

मोगरी तेव्हाच मुलीच्या हाती दिली. तिला तो जादा ठोका ऐकू येत नसे, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

गेल्या आठवड्यात वादळाचा नवा इशारा लागला. मुलगी संध्याकाळी कामावरून आली आणि म्हणाली, "बाबा, मोगरीचा दांडा सैल झालाय का? मी तीन ठोके मारले आणि चौथा आपोआप वाजला."

मी दांडा बघितलासुद्धा नाही. विचारले, "त्या झाडाबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगितलंस?"

ती चपलेचा पट्टा काढत बसली. मग म्हणाली, "काका म्हणाले, इशारा लागलाय, आत्ता लोक लगेच हो म्हणतात."

"झाड पोकळ होतं?"

"नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या फाटकाबाहेर उभा राहून हाक मारली. आत गेलो आणि सगळे सांगितले, खिडकीतल्या ठोक्यासकट. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "खिडकी नव्हती ती. खाटेची कड होती. त्यांना बोलता येत नव्हतं ना, म्हणून आमचं ठरलेलं होतं. दोन ठोके म्हणजे हो. एक म्हणजे नाही."

बाईच पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, झाडाचा लोभ सुटत नाही म्हणून नाही म्हणतायत. त्यांचं ऐकलं नाही मी. तुमचं ऐकलं."

मला लाज वाटली. हे लिहितानाही वाटते आहे, आणि ती कोणत्याही कलमाने कोणाला देऊन टाकता येत नाही.

तर मोगरी मुलीला, पण एका अटीवर. तिने पोकळ म्हणून सांगितलेले ते झाड अजून उभे आहे, पाडायचा दिवस उद्याचा ठरला आहे. तिने त्याआधी त्या घरी जाऊन, स्वतःच्या तोंडाने, काकांचे नाव पुढे न करता, आपण खोटे बोललो असे सांगावे. न सांगितल्यास मोगरी माझ्याबरोबर चितेवर ठेवावी आणि धंदा बंद करावा. तिला नऊ वर्षे हे ऐकत जगावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी कलमे नाही पाळली तरी चालतील.

कलम ६. बाईंच्या झाडाचे लाकूड मी विकले. एक फळी ठेवली, तिचे हे टेबल केले, ज्यावर हे लिहितो आहे. ते मी बाईंना देऊ केले. त्या म्हणाल्या, "मला काही नको. मला साक्षीदार करा." वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." तेव्हा टेबल जिथे आहे तिथेच राहील. बायकोने त्यावर भाजी चिरू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो खरा आहे. साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही करीत आहे.

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली.
दिनांक: मोठ्या वादळाला नऊ वर्षे पूर्ण झाली तो दिवस, दुपारी चार.

सही: उस्ताद

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही. (लिहिणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे. इतर बाबींवर माझे मत नाही.)

साक्षीदार दुसरी: निवृत्त शिक्षिका. सही करण्यापूर्वी पुढील नोंद माझ्या हस्ताक्षरात करीत आहे.

कलम पाच वाचले जात असताना उस्तादांची मुलगी दारात उभी होती. वाचन संपायच्या आत ती खुंटीवरची ट्रकची किल्ली घेऊन निघाली. कुठे जातेस, असे तिला कोणी विचारले नाही. ट्रकचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर उस्तादांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी त्यांना क्षमा केलेली नाही, तसे त्यांना सांगितलेही. मग मी बोटांनी टेबलावर तीनदा वाजवले आणि विचारले, "अहो, सही करू का?"

उस्तादांचे दोन्ही हात मांडीवर होते. डॉक्टर खुर्ची मागे सारून उभे राहिले.

दोन ठोके आले. मी सही करीत आहे.