मऊ कण

४ मार्च
झाला एकदाचा विभागप्रमुख! कालपर्यंत माझ्या खुर्चीमागे उभं राहून “ताई, हे कसं करायचं?” विचारणारं आमचं शहाणं बाळ आता माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही — तळहात लाल होईपर्यंत.

६ मार्च
मोठ्या ड्रमचं कामही त्यालाच. बादलीएवढा ड्रम आमच्याकडे छान चालतो — गरगर फिरतो, भुकटी जाळीच्या भिंतीला जाऊन बसते, बाहेरून हवा मारली की तिथेच तरंगते. आता तोच खोलीएवढा करायचा. आधी कॉम्प्युटरवर फिरवायचा, मग लोखंडात. सोळा वर्षं हेच करतेय मी! नवरा म्हणाला, “एवढं काय मनाला लावून घेतेस?” त्याच्याशी बोलणं बंद केलं.

११ मार्च
साहेबांची ड्रमच्या गणिताची फाइल उघडली. सहजच. खोटं कशाला — चूक शोधायलाच. आणि सापडली!
कण मऊच राहिलेत. गणित लवकर सुटावं म्हणून सुरुवातीला आम्ही कण रबरासारखे मऊ धरतो. शेवटचं गणित मात्र कडक कणांवर करायचं. मीच शिकवलं होतं. पठ्ठ्या विसरला! छोट्या ड्रममध्ये खपून गेलं असतं. मोठ्यात दाब एवढा, की मऊ कण एकमेकांत घुसतात आणि पडद्यावर थर कसा छान सपाट दिसतो. खरी भुकटी घुसणार नाही. एकीकडे ढीग होणार, ड्रम थयथयाट करणार.
एक आकडा बदलायचा, बस. फाइल बंद केली.

१२ मार्च
नाही सांगितलं.

१७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून आला. “ताई, एकदा नजर टाकाल? तुम्ही बघितलं की मी निर्धास्त.” म्हटलं, “आता तू साहेब. मी काय बघणार!” चेहरा एवढासा झाला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
फार तर ड्रम हादरेल, बंद करतील. सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल, एवढंच.

२० मार्च
चाचणी. संचालक आले होते. ड्रमला आत बघायला तळहाताएवढी काच आहे. “ताई, चला ना. पडद्यावर विश्वास ठेवण्याआधी डोळ्यांनी बघायचं — तुम्हीच सांगता!” म्हटलं, “तुझा ड्रम, तूच बघ.” मी खांबाआड थांबले, मजा बघायला.
दहाव्या मिनिटाला हादरला. बंद व्हायच्या आत काच फुटली.

२१ मार्च
दोन्ही डोळे.

२ एप्रिल
दवाखान्यात त्याची आई भेटली. माझा हात सोडेना. “तुमचं नाव घेतल्याशिवाय याचा दिवस जात नाही हो.” मीही रडले. भीतीनं.

१३ जून
परतला. काळा चष्मा, हातात काठी. चौकशीत सगळं स्वतःवर घेतलं म्हणे — “ताईंनी शिकवलं होतं, मीच विसरलो.” विनंती एकच केली: आकडे वाचून दाखवायला ताई हव्यात. संचालकांना गहिवरून आलं. सोमवारपासून मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत.

१६ जून
पहिलंच काम — चाचणीआधी ती फाइल कोणी, केव्हा उघडली, त्या नोंदी वाचायच्या. “किती आहेत ताई?” बारा, म्हटलं. वाचल्या. अकरा मार्चची गाळली.
तो बोटांवर मोजत होता.
“ताई, एक राहिली.”