तळाचा दगड

सर, तुमच्या नावाचा दगड शाळेच्या अंगणात उभा करायचा म्हणून आपल्या वर्गातले दोघे काल माझ्या फरशीच्या दुकानात आले होते. दगड माझ्याकडून हवाय, आणि तो लाल हवाय, नववीच्या सहलीत मलप्रभेच्या काठी पाहिलेल्या डोंगरांसारखा. वर कोरायचं काय, तर ‘ज्यांनी आम्हांला डोंगर वाचायला शिकवले’. मी दोनदा वाचलं. मग चहा सांगितला, कारण हसू आलं की ते लपवायला मी काहीतरी मागवतो.

डोंगर वाचायला! तुम्ही खडकांचे प्रकार फळ्यावर लिहायचात आणि आम्ही ते वहीत उतरवायचो, एवढंच. त्या तासाला तुमच्या हातात खडू सोडून दुसरा खनिज पदार्थ मी कधी पाहिला नाही. शाळेमागं विहीर खणत होते, काळी माती, खाली मुरूम, खाली काळा पाषाण, सगळा धडा उघडा पडला होता. पन्नास पावलं चालायचं होतं. तुम्ही खिडकी लावून घेतलीत, धूळ येते म्हणून.

सहलीचा दिवस मात्र मला तासातासानं आठवतो. सोलापूर सुटलं, विजापूर मागं पडलं तरी तीच काळी सपाट रानं, ज्वारीची ताटं, बाभळी. कृष्णा ओलांडली, बागलकोट गेलं, आणि मग एका वळणावर जमीनच तांबडी होते. डोंगर उंच नाहीत, पण कडा अशा सरळ तुटलेल्या, की कुणी सुरीनं वडी कापावी. कड्यांवर आडव्या रेघा, एकावर एक थर, कुठं गुलाबी, कुठं विटकरी, कुठं पिवळसर. खाली मलप्रभा, वाळूतून सावकाश चाललेली, काठाला हिरवी पट्टी. आम्ही काळ्या दगडाची पोरं, दगड लालही असतो हेच आम्हांला नवीन. तुम्ही बसच्या पायरीवरून खाली न उतरता जाहीर केलंत, “हा जांभा. कोकणात असतो तोच.” सर, जांभा भोकाभोकांचा असतो. हा वाळूचा दगड, नखानं खरवडला तर कण हाताला येतात. पण नख लावायला हात लांब करावा लागतो.

मी तेव्हा वर चढून एक चपटी लादी आणली होती, परातीएवढी. तिच्या एका अंगावर बारीक लाटा होत्या, भीमेच्या वाळवंटात पाणी ओसरल्यावर राहतात तशा. मी म्हणालो, “सर, ह्यावर पाण्याच्या लाटा हायत. हितं कधीतरी नदीचा तळ असंल.”

तुम्ही लादी हातात घेतलीत, सगळ्यांकडं वळलात. “ऐका रे! ह्याची नदी डोंगर चढून गेली होती. शिडी लावली होती का रे तिला?”

बस हसली. शाळा सुटेपर्यंत माझं नाव ‘शिडी’च राहिलं. काल दुकानात आलेल्यांपैकी एकानं जाताना तीच हाक मारली, प्रेमानं म्हणे.

नदी चढली नव्हती, सर. डोंगरच तिच्या तळातून वर आला होता. आजची मलप्रभा नव्हे, तिच्या कितीतरी आधीचं पाणी. आपल्या सोलापूरचा काळा पाषाण त्या लाटांपुढं कालचं पोर. हे मला कुणी शिकवलं नाही. दहावीनंतर फरशीच्या कामाला लागलो, शहाबादी कुठली, कोटा कुठला, एक फरशी थराथरानं सुटते आणि दुसरी का सुटत नाही, हे विचारत गेलो. वाचनालयातली पुस्तकं आणली, त्यांतलं न कळलेलं दगडावर ताडून पाहिलं. पट्टदकलजवळ नदी उत्तरेला वळते तिथवर चालत गेलोय. कड्यात छातीच्या उंचीवर लाटांचा अख्खा थर आहे. त्यांचं उताराचं अंग बघून पाणी कुठून कुठं वाहत होतं ते मी हात ठेवून सांगू शकतो.

तुम्हांला माहीत नव्हतं याचा मला राग नाही. माहीत नसलेली माणसं माझ्या दुकानात रोज येतात, ग्रॅनाइटला मार्बल म्हणतात, मी मान हलवतो. तुमचं वेगळं आहे.

जेवणं झाल्यावर सगळे बसच्या सावलीत लवंडले होते. मी खडकामागं गेलो, तर तुम्ही तिथं उकिडवे. देवीला आलेल्या बाया वाटेवर दगडावर दगड रचतात, घर होऊ दे म्हणून मागणं मागतात, तसं तुम्ही रचत होतात. वर्गात असल्या गोष्टींना अडाणीपणा म्हणणारे तुम्ही. आणि तळाला माझी लादी. लाटांचं अंग वर, कारण गुळगुळीत बाजूवर वरचा दगड सरकतो आणि लाटांवर धरतो. तुम्ही आधी एक दगड ठेवलात, हाताच्या बोटांनी लाटा चाचपल्यात, आणि मग तो लाटांच्या आडवा फिरवून बसवलात. म्हणजे तुम्ही पाहिल्या होत्यात. चांगल्या निरखून पाहिल्या होत्यात. त्या लाटांचा उपयोग कळला तुम्हांला, फक्त त्या एका पोराला आधी दिसल्या हे सोसलं नाही.

मला पाहून तुम्ही उठलात, धोतरासारखी पँट झटकलीत. “वारा फार आहे इथं. चल, बसमध्ये बस.”

घर काही झालं नाही तुमचं. भाड्याच्या दोन खोल्यांतूनच गेलात. माझं झालं, जुळे सोलापूरच्या वसाहतीत, दगड न रचता.

काल मी त्या दोघांना म्हणालो, “लाल नाही मिळायचा. वाळूच्या दगडात बारीक अक्षर झडतं. काळा देतो, आपल्या मातीतला. आणि ती ओळ नको, नुसतं नाव.” एक जण म्हणाला, “लई जुनं झालं ते, सोड की आता. सरांनी काय वाईट केलं तुझं?” त्या क्षणी खडकामागचं सगळं तोंडाशी आलं होतं. बसमध्येही आलं होतं त्या दिवशी. ‘सर घर मागत होते’ एवढंच म्हणालो असतो, तर ‘शिडी’ कुणाला आठवली नसती, जन्मभर तुम्हांलाच हसले असते. तेव्हा बोललो नाही. कालही नाही. काळा दगड देणार आहे, फुकट, कडा माझ्या हातानं घासून. ती ओळ मात्र त्यावर कोरू देणार नाही, नुसतं नाव.

हा कागद कुठं टाकायचा प्रश्नच नाही, नमुन्याच्या फरश्यांखाली राहील. एक तेवढं लिहून ठेवतो. बस निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत होतो. वारा खरंच फार होता. आज मी गवंड्यांना ज्या लेव्हलसाठी शिव्या देतो, ती तुमच्या त्या चार दगडांना होती. ते हलले नाहीत. आणि वळण येईपर्यंत, ते पडू नयेत असं मला वाटत होतं.