पोटरीवरचा नायटा

३ मार्च
ह्यांच्या पोटरीवर नायटा! रुपयाएवढा गोल, कडा लाल. कधीपासून, तर म्हणे, "असेल महिनाभर." आणि पुढच्या महिन्यात लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार!

५ मार्च
शेजाऱ्याने दिलेली कसलीशी ट्यूब चोळली. खाज थांबली म्हणून स्वारी खूश. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "एवढ्याशा डागासाठी?" पालथ्या घड्यावर पाणी.

१६ मार्च
एकाचे तीन डाग झाले. ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघून कपाळाला हात लावला – "यात स्टिरॉइड आहे. खाज दबते आणि बुरशी फोफावते." नवं मलम दिलं. दिवसातून दोनदा, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे. टॉवेल वेगळा, कपडे वेगळे. मी ह्यांचं अंथरूणही बाहेरच्या खोलीत टाकलं. भोगा आता.

१७ मार्च
लेकीचा फोन. "बाबांचं पूर्ण बरं होऊ दे, मग येते." रडले. मग ह्यांच्यावर ओरडले.

२६ मार्च
डाग जरा फिके झाले की मलम कपाटात! "गेलं की." कुठे गेलं? आता मीच लावते, घड्याळ बघून.

२ एप्रिल
उन्हाळ्यातही रोज अंथरुणात माझे पाय गारठतात. टेकवायला ह्यांची पोटरी नाही. इतक्या वर्षांची सवय.
दुपारी नेलपॉलिश लावलं. पायाच्या अंगठ्याचं नख फार जाड झालंय, पिवळंही. वय, दुसरं काय! रंगाखाली झाकून जातं.

२० एप्रिल
डाग जाऊन दोन आठवडे झाले. मलम संपलं. ह्यांचं अंथरूण आत. लेकीने तिकीट काढलं, तेवीस मेचं.

१२ मे
पुन्हा! त्याच पोटरीवर, त्याच जागी. नको नको ते बोलले ह्यांना.

१३ मे
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, छे, मी स्वच्छतेची एवढी काटेकोर. त्या म्हणाल्या, "पाय दाखवा." मग, "ते पॉलिश पुसा बरं." नखाचा तुकडा तपासायला घेतला.

१८ मे
बुरशी. माझ्याच नखात. गोळ्या तीन महिने, नवं नख यायला वर्ष.
माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत. ह्यांनीच घालून दिलं, उशाशी स्वतःचे लोकरी मोजे ठेवले. लेकीला कोणत्या तोंडाने सांगू, विचारलं. म्हणाले, "सांग, बाबांनी पुन्हा मलम अर्धवट सोडलं."