जावयाने दिलेला कॅमेरा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळी साडेसहा.

आजपासून फोटोग्राफी.

दिवाळीला लातूरला गेलो होतो तेव्हा जावयाने, म्हणजे श्रीशैलने, मला स्वतःचा डिजिटल कॅमेरा भेट दिला. कपाट आवरताना सापडला त्याला. "मामा, हे भंगारात टाकायलोय, तुम्हाला पाहिजे का?" असं म्हणाला. त्याची बोलायची पद्धतच तशी आहे. मनात आदर असल्याशिवाय इतकी नाजूक वस्तू कुणी कुणाला देत नाही.

चांदीचा रंग, साबणाच्या वडीएवढा आकार, दोन पेन्सिल सेल. बटन दाबलं की लेन्स टुर्र करून बाहेर येते. सध्या घरात माझ्याशिवाय आवाज करणारी ही एकच वस्तू.

कस्तुरा मे महिन्यापासून लातूरला आहे. शिल्पाची शाळेतली नोकरी, शिवांश तेव्हा पाच महिन्यांचा, म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली. दिवाळीला मी तिला 'चल' म्हणालो नाही. मुद्दामच. लेक की नवरा अशा धर्मसंकटात बायकोला टाकणारा मी नव्हे. चौथ्या दिवशी एकटाच नांदेडला परत आलो.

संकल्प: रोज पाच फोटो. उन्हाळ्यापर्यंत प्रदर्शन.

११ नोव्हेंबर, सोमवार.

पाच फोटो झाले. नळ, जास्वंद, जिना, माझा अंगठा, माझा अंगठा. अंगठ्याचा फोकस उत्तम आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

सेल संपले. नवे घातले तर कॅमेरा म्हणतो आज १ जानेवारी २००८. सेल काढले की दर वेळी तिथेच जातो. २००८ ला शिल्पा दहावीत होती, आई होती, चार ताटं लागायची. तारीख दुरुस्त करायला पाच बटनं दाबावी लागतात. आज केली नाही. करू सावकाश.

रोज पाच हा आकडा शास्त्रीय नाही. आठवड्याला पाच.

१७ नोव्हेंबर, रविवार.

स्वतःचा फोटो काढायचं ठरवलं. प्रदर्शनात कलाकाराचा फोटो लागतोच. कॅमेरा फ्रिजवर चटणीच्या डब्याला टेकवून ठेवला, समोर उभा राहिलो. स्क्रीनवर चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन आला. क्लिक काही होईना. वीस मिनिटं उभा. कॅमेरा नादुरुस्त.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

चौकात आसिफचं मोबाईल रिपेअरीचं दुकान आहे. माणूस माझ्याहून बराच लहान, हाताने हुशार. त्याने कॅमेरा उलटापालटा केला, स्वतःकडे धरला आणि हसला. क्लिक झालं.

म्हणाला, "काका, ये स्माइल मोडमध्ये हाय. सामनेवाला हसल्याबगैर फोटोच निघत न्हाई. आता तुम्ही हसा."

मी हसलो. क्लिक झालं नाही.

"जरा और."

आणखी हसलो. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही बघून राहिली. मी सांगितलं की सेन्सरमध्ये दोष आहे. आसिफने मोड बदलून दिला आणि वरचं गोल चाक दाखवून म्हणाला, याला हात लावू नका.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.

पहिली बाहेरची ऑर्डर! शेजारच्या हुसेनबींना फोटो पाहिजे होता. ऑर्डर म्हणजे, त्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या आणि मीच म्हणालो फोटो काढू का. नाही म्हणाल्या नाहीत. पदर नीट केला, ताठ बसल्या, चेहरा पोलीस ठाण्यात बसल्यासारखा.

फोटो झाल्यावर विचारलं, "भाबी कब आनेवाली?"

म्हटलं येईल, तिकडं काम आहे.

"तुमने बुलाया क्या?"

म्हटलं बोलवायचं काय त्यात, तिचंच घर आहे.

हुसेनबी म्हणाल्या, "अपने घर को भी कोई बुलाया तो अच्छा लगता, भाईसाब." आणि मिरच्या पसरू लागल्या. वयामुळे त्या जरा भावुक झाल्यात.

फोटो हलला आहे. मिरच्या चांगल्या आल्यात.

२७ नोव्हेंबर, बुधवार.

८ डिसेंबरला शिवांशचा पहिला वाढदिवस, लातूरला हॉलमध्ये. शिल्पाचा फोन आला होता. मी म्हणालो फोटोची जबाबदारी माझी. ती म्हणाली, "पप्पा, फोटोग्राफर सांगितलाय." म्हणजे मदतीला माणूस आहे. चांगलं नियोजन.

मग शिल्पाने फोन कस्तुराकडे दिला. मी मिक्सरचं भांडं कोणत्या बाजूने फिरवायचं ते विचारलं. तिने सांगितलं. आणखी काही विषय नव्हता. ठेवला.

दुपारी घराचे चौदा फोटो काढले. स्वयंपाकघर, देवघर, तिची शिवणमशीन, दोन्ही खुर्च्या. हे तिला लातूरला दाखवायचे. घर किती नीट ठेवलंय हे डोळ्यांनी बघितलं की आपण होऊन बॅग भरेल. माणसाला शब्दांपेक्षा चित्र लवकर कळतं.

३ डिसेंबर, मंगळवार.

एस.टी.चं रिझर्वेशन केलं. जाताना एक सीट. येताना दोन. दुसरी सीट कॅमेऱ्यासाठी. नाजूक वस्तू आहे, धक्के बसतात.

८ डिसेंबर, रविवार. लातूर. सायंकाळी सात.

अत्यंत यशस्वी दिवस.

एकूण एकसष्ट फोटो. शेवटी स्क्रीनवर 'कार्ड फुल' आलं. म्हणजे कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या शेवटापर्यंत काम केलं. प्रत्येक वेळी बटन दाबलं की कोपऱ्यात लाल ठिपका लागायचा, पुढच्या वेळी दाबलं की विझायचा. ऑटो फोकस असणार.

तो दुसरा फोटोग्राफर मध्ये मध्ये येत होता. मोठा कॅमेरा, छत्रीवाला लाइट. दोनदा म्हणाला, "आजोबा, फ्रेममधून सरका." मी सरकलो. नवीन मुलांना संधी द्यावी. त्याच्या फोटोत मी नसेन, पण फोटोग्राफर फोटोत नसतोच.

शिवांश मला बघून रडला. कॅमेऱ्याच्या टुर्र आवाजाने.

जेवणाच्या आधी कस्तुराला घराचे फोटो दाखवले. चष्मा लावून एक एक बघितला. शिवणमशीनपाशी थांबली. मला वाटलं आता म्हणते. म्हणाली, "पडदे धुतले न्हाईत तुम्ही."

घराविषयी ओढ आहे हे स्पष्ट झालं.

परतीच्या दुसऱ्या सीटचं सांगायचं होतं. तेवढ्यात तिची थोरली बहीण, उदगीरची गंगम्मा, आली आणि दोघी खुर्च्यांवर जाऊन बसल्या. मग केक. मग पंगत. उद्या सकाळी सांगतो.

९ डिसेंबर, सोमवार. नांदेड.

सकाळी शिवांशला थोडा ताप होता. कस्तुरा त्याला खांद्यावर घेऊन फिरत होती. अशा वेळी काय बोलायचं. दारापर्यंत आली, दशम्यांचा डबा दिला, म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." केला. शिल्पाने उचलला.

बसमध्ये शेजारच्या सीटवर कॅमेरा ठेवला. लोह्यापर्यंत आरामात आला. लोह्याला एक बाई चढली, हातात कोंबडीची टोपली, म्हणाली, "हितं कोण हाय का?" म्हटलं कोणी नाही, बसा. कॅमेरा मांडीवर घेतला.

११ डिसेंबर, बुधवार.

आसिफकडे कार्ड दिलं. एकसष्ट फोटोंपैकी चाळीस अल्बमसाठी निवडायचे, एक कॉपी कस्तुराला पाठवायची, अशी योजना. आसिफने कॉम्प्युटरला लावलं. बराच वेळ बघितलं.

"काका, ह्यात फोटू न्हाईत."

म्हटलं नीट बघ.

"चौदा हायत, घराचे. एक म्हातारीचा, मिरच्याचा. आणि नळ, अंगठा असले पाच-सात जुने. बाकी सगळे व्हिडिओ हायत. ते चाक फिरलंय." मग त्याने समजावलं. व्हिडिओच्या मोडमध्ये पहिल्यांदा बटन दाबलं की शूटिंग चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. मी लोकांना उभं करून दाबलं, फोटो झाला समजून कॅमेरा खाली सोडला, तो मनगटाला लटकत शूटिंग करत राहिला. पुढच्या लोकांना उभं करून पुन्हा दाबलं की बंद. तीस व्हिडिओ, आणि शेवटचा कार्ड भरल्यामुळे अर्धवट.

चाकाची रचना मुळात चुकीची आहे. खिशात ठेवल्यावर फिरणारं चाक कुणी बसवावं? आसिफने सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं. म्हणाला, टीव्हीला लावा, बघायला गंमत येईल.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुपारी तीन.

टीव्हीला लावून बघितलं. प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला सगळे एक सेकंद हसतात, मग जमीन. गालिचा. माझी पँट. चपला. पत्रावळी. शेवटी पुन्हा एक सेकंद दुसरी माणसं हसतात. कलात्मक दृष्ट्या वेगळं आहे. आवाज मात्र फार स्वच्छ येतो. एवढ्याशा कॅमेऱ्यात एवढा माइक.

सतरावा व्हिडिओ. खुर्चीचे पाय, कुणाची तरी हिरवी साडी. मी बहुतेक पाठ करून उभा होतो. गंगम्माचा आवाज: "आता जाणार की न्हाई गं नांदेडला?"

कस्तुरा म्हणते: "बोलावलं तर जाईन की. सात महिने झाले अक्का. एकदा तोंडातून निघालं न्हाई, ये म्हणून. फोन करतेत. मिक्सर कसा लावायचा. रेशन कार्ड कुठं हाय. झालं, ठेवतेत."

"मग तूच जावं की आपण होऊन."

"जाऊन कुणाशी बोलू? एकतीस वर्षं स्टँडवर माइकवर ओरडायचे, हदगाव, लोहा, मुरुड. घरी आले की तोंडाला कुलूप. हितं ते लेकरू निदान माझ्याकडं बघून हसतंय."

गंगम्मा: "माणूस वाईट न्हाई गं."

"वाईट कोण म्हनलं? वाईट असते तर भांडले असते. भांडायला तरी बोलावं लागतंय."

मग थोडा वेळ नुसता खुर्च्यांचा आवाज. मग माझा आवाज, एकदम जवळून: "इकडं बघा, फोटो घ्यायचाय." कॅमेरा वर येतो. दोघी दिसतात. कस्तुरा पदर सारखा करते आणि बघते. तिथे संपतं.

आवाजाची क्वालिटी तपासण्यासाठी अकरा वेळा लावला.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

काही गोष्टी नोंदवून ठेवणं आवश्यक आहे.

एक. मी 'ये' म्हणालो नाही तो तिच्या स्वातंत्र्याचा आदर म्हणून.

दोन. दोन सीटचं रिझर्वेशन केलं होतं, म्हणजे बोलावलंच होतं. तिला माहीत नव्हतं हा तांत्रिक मुद्दा झाला.

तीन. स्टँडवर ओरडणं ही ड्यूटी होती. घरी दमून यायचो. दमलेला माणूस बोलत नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली हे मान्य. त्या तीन वर्षांत काय बोललो ते आठवून बघितलं. लाइट बिल भरलं, हे म्हणालो होतो. पाणी आलं, हे रोज म्हणायचो.

आज फोटो नाही. आज जेवण नाही, म्हणजे भूक नव्हती. पडदे धुतले.

१४ डिसेंबर, शनिवार.

उद्या फोन करून सांगायचं. काय सांगायचं ते लिहून काढलं म्हणजे ऐन वेळी गडबड होत नाही.

'घरी ये. मला एकट्याला करमत नाही.' दुसरं वाक्य नाटकी. खोडलं. 'घरी ये.' हा हुकूम वाटतो. खोडलं. 'कधी येतेस?' यात मी बोलावतो आहे हे कळत नाही. 'पडदे धुतले आहेत.' यात काहीच कळत नाही.

शेवटी: 'तू ये ना घरी.' चार शब्द. 'ना' महत्त्वाचा आहे. गच्चीवर जाऊन सहा वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. हुसेनबी पलीकडे होत्या. दोरीवरचे कपडे न काढताच खाली गेल्या.

१५ डिसेंबर, रविवार.

फोन केला. कस्तुरानेच उचलला. पाठीमागे शिवांश रडत होता, कुकरची शिट्टी होत होती, शिल्पा कुणाला तरी काही सांगत होती. भरलेलं घर.

म्हणाली, बोला. मी म्हणालो, "तू ये ना घरी."

म्हणालो. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

ती म्हणाली, "काय म्हनलात? ऐकू न्हाई आलं. थांबा, बाहेर येते." चपलांचा आवाज आला. दार लागल्याचा आवाज आला. सगळं एकदम शांत झालं. मग म्हणाली, "हां, आता बोला."

आता चांगलं ऐकू येत होतं. तिचा श्वाससुद्धा.

मी म्हणालो, "जेवलीस का?"

ती म्हणाली, "आत्ता कुठं आठ वाजलेत."

बरोबर होतं. आठच वाजले होते.