पंजाबरावांच्या वाटच्या दशम्या

४ ऑक्टोबर १९८२. भिलाई, सेक्टर ५.
उद्या निघायचं. दुर्गहून दिल्ली, तिथून विमानानं रशिया. तिकडच्या एका पोलाद कारखान्याच्या गावात आपल्या गाण्याच्या पार्टीचे कार्यक्रम. मी पेटीवर, पंजाबराव तबल्यावर. टाइम ऑफिसातल्या क्लार्क मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झालेत. आपण मात्र नम्र राहायचं.

संकल्प: परदेशात रोज पहाटे रियाज. चहा कमी. आणि पंजाबरावांची काळजी घेणे. माणूस तबल्यात वाघ, पण जगात वावरायला भोळा. गळ्यात माळ. अंडं-मटण सोडा, ज्या भांड्यात ते शिजलं त्यातली भाजीही चालत नाही. प्रवासात फक्त घरची दशमी, कारण ती पाण्याऐवजी दुधात मळतात, तिला विटाळ लागत नाही. त्यांच्या सुशीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला. म्हणून आमच्या रत्नमालेनं दोघांच्याही दशम्या केल्या, सोबत जवसाची चटणी. मला तीनदा बजावलं, "अर्ध्या पंजाबराव भाऊजींच्या हायेत बरं. त्यायले तिकडचं काही चालत नाही." मला एवढंही कळत नाही की काय.

गाठोडं पेटीच्या खोक्यात ठेवलं. सुरक्षित.

७ ऑक्टोबर. मॉस्को विमानतळ.
कस्टमवाल्यानं खोकं उघडलं, पेटी बघून हसला, बंद केलं. भला माणूस.
बाहेर आलो तर आमचे पार्टी लीडर तेजराम साहेब सगळ्यांसमोर विचारून राहिले होते की घरचं खायला कोणाजवळ आहे, काढा, वाटून खाऊ. चौदा तोंडं! दशम्या जागच्या जागी संपल्या असत्या आणि पंजाबराव उपाशी. म्हणून केवळ त्यांच्यासाठी मी म्हणालो, माझं सगळं कस्टमवाल्यांनी काढून घेतलं. पंजाबराव बाजूलाच उभे होते, चेहरा उतरला. हॉटेलवर गेलो की हळूच कानात सांगीन.

८ ऑक्टोबर. सकाळी.
सांगायचं राहिलं. खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर. दशम्या खराब तर झाल्या नाहीत ना, म्हणून एक खाऊन पाहिली. चांगली होती. एकीवरून सगळ्यांचं कसं कळणार, म्हणून दुसरी. लोणी लावून तिसरी.

नाश्त्याला उकडलेली अंडी आणि कसलंसं मांस. पंजाबरावांनी बिनदुधाचा चहा घेतला आणि एक सफरचंद. ते चाकूनं मधोमध कापलं, अर्धं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "घ्या दिवाकरभाऊ. तुमचंबी तं गेलं."
घेतलं. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

९ ऑक्टोबर.
कारखान्याचं हे गाव हुबेहूब भिलाई. तेच चौकोनी क्वार्टर, तोच भोंगा, तसाच आभाळात धूर. फक्त थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. गालिना नावाची दुभाषी आहे, लहानपणी इंजिनिअर वडिलांबरोबर भिलाईत राहिलेली. आपल्यापेक्षा शुद्ध हिंदी बोलते.

पहाटे रियाज केला (संकल्प पाळला). वेळ वाचावा म्हणून दशमी पेटीवरच ठेवून खाल्ली. थोडा चुरा पट्ट्यांत गेला. फुंकर मारली.

आज पंजाबरावांना सांगणारच होतो. पण आता सांगितलं तर ते विचारतील, दोन दिवस कावून नाही सांगितलं? एका चांगल्या हेतूचा उगाच गैरसमज व्हायचा. उद्या सांगीन. आजचंही अर्धं सफरचंद घेतलं. मन खातं. खरंच खातं.

१० ऑक्टोबर.
पंजाबराव जिना चढताना कठड्याला धरून थांबले. गालिनानं डॉक्टर आणवला. डॉक्टरचं म्हणणं, आजार काही नाही, पोट रिकामं आहे. गालिनानं सूप आणवलं, पंजाबरावांनी हात जोडले. पोरगी रडायच्या बेतात. मी खिडकीबाहेर बघत होतो.

ठरवलं. आता लगेच. गाठोडं शालीखाली घेऊन त्यांच्या खोलीकडे निघालो. उरल्या होत्या चार. काय सांगायचं तेही पाठ केलं होतं: कस्टमवाल्यांना पश्चात्ताप झाला, परत पाठवल्या. कॉरिडॉरमध्ये समोरून तेजराम साहेब. माघारी फिरलो. खोलीत येऊन दाराला कडी लावली. अशा वेळी पोटात काहीतरी लागतं. दोन गेल्या.

उद्या कार्यक्रम आहे. तो झाला की उरलेल्या दोन्ही त्यांनाच. एकही मोडणार नाही. आईची शपथ.

११ ऑक्टोबर. कार्यक्रमाआधी.
एक खाल्ली. उपाशीपोटी सूर लागत नाही. म्हणजे दोन.

११ ऑक्टोबर. कार्यक्रमानंतर.
हॉल भरलेला. पहिलंच गाणं, आणि माझी एक पट्टी खाली गेली ती वर येईना. भाता हलवला की तोच एक सूर भोंग्यासारखा. थांबवू तर शांतता, वाजवू तर भोंगा. तेजराम साहेब विंगेतून हात हलवताहेत. तेव्हा पंजाबरावांनी गायिकेला खूण केली, तबला पुढे ओढला आणि एकटेच सुरू झाले. चार दिवस सफरचंदावर असलेला माणूस. कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पेटीवर हात ठेवून वाजवल्यासारखं करत होतो.

नंतर पडद्यामागे त्यांनी स्वतः पेटी उघडली. म्हणाले, बघू काय अडकलं. पट्टीखाली चाकूचं टोक घातलं आणि एक तुकडा काढला. नखाएवढा. उजेडात धरला. वास घेतला. मग तो तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.
"वहिनीच्या हातची हाय," म्हणाले. "कस्टमवाल्यायनं एवढी सोडली वाटते."
आणि पट्टी नीट बसवून दिली.

१२ ऑक्टोबर. सकाळी.
रात्रभर माफीचं भाषण तयार केलं. उत्तम झालं होतं. आजपासून सगळं अर्धं-अर्धं, असा शेवट होता.
नाश्त्याला गेलो. पंजाबराव आधीच बसले होते. रोजच्यासारखं सफरचंद मधोमध कापलं आणि अर्धं माझ्यापुढे सरकवलं.
मी घेतलं नाही.
मग घेतलं. भूक लागली होती. दशम्या संपल्यात.